खोक्यावरचं कुंकू

"आजी, तू अजिबात घाबरू नकोस," केतकी फोनवर म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचाच आवाज चिरकला.

"मी कशाला घाबरू? मुलाखत तुझी आहे," मी म्हटलं. मांडीवर शेंगांचं सूप होतं, ते खाली ठेवलं. "काय झालं ते नीट सांग. आणि आधी नाक पूस."

"पेनड्राइव्ह उघडत नाही गं. सगळी डिझाइनं त्यात होती. इथल्या बाईंनी त्यांच्या कॉम्प्युटरला लावून बघितला, रिकामा दाखवतोय. बाराला माझं नाव पुकारणार. काम दाखवल्याशिवाय आत जाऊन काय करू मी?"

"मग आता?"

"घरच्या कॉम्प्युटरवर सगळं आहे. तो मला इथनं उघडता येतो, निघताना चालूच ठेवलाय. पण त्याला नेट मिळत नाहीये. तू त्याच्यापाशी जा, मी सांगते तसं कर."

घरात मी एकटी. माझा दिलीप आणि सून दोघंही पोरीला घेऊन पुण्याला गेलेले. मागच्या शेडमधले आमचे माग त्या दिवशी बंद होते. इचलकरंजीत जन्म गेला माझा. माग चालू असले की मला झोप लागते आणि बंद पडले की कानात काहीतरी वाजायला लागतं. तसंच वाजत होतं.

केतकी साड्यांची नक्षी काढायची. कागदावर नाही, कॉम्प्युटरवर. काठाची वेल, पदरावरचे मोर, बुट्ट्या. आमच्या सातपुत्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यानं काढून दिलेलं विणलं; स्वतः काढणारी ही पहिलीच. पुण्यातल्या साड्यांच्या एका मोठ्या कंपनीनं तिला बोलावलं होतं. आणि दिलीपनं, माझ्याच लेकानं, तिला जायच्या आधी बजावून ठेवलं होतं, "हे एकदा झालं तर झालं. नाहीतर रबकवीच्या स्थळाला मी होकार कळवणार." रबकवीचा मुलगा मी बघितला होता. चांगला होता. जेवताना सुद्धा आईकडं बघून घास घेत होता.

कॉम्प्युटर मधल्या खोलीत, कपाटाशेजारी. मी खुर्चीवर बसले. फोन माझा बटणांचा, तो कानाला आणि खांद्याला दाबून धरला.

"बसले. बोल."

"खाली रांगेत बारकी चित्रं आहेत बघ. त्यातला काळा चौकोन. त्याच्यावर माऊस ने आणि दाब."

बाण कुठं गेला ते आधी सापडेना. मग एकदम कोपऱ्यात दिसला, तिथनं पळाला. असल्या पळणाऱ्या वस्तूंचा मला राग येतो. शेवटी पकडला आणि दाबला. काळी पाटी उघडली, तिच्यावर एक काडी लुकलुकत होती.

"आली काळी पाटी."

"शाब्बास! आता अक्षरं दाबायची."

"केतके, मी दुसरीपर्यंतच शाळा बघितली आणि ती पण मराठी. नंतर मला मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसवलं."

"मी दिसतात कशी ते सांगते ना. पहिलं म्हणजे नुसती उभी काडी."

"सापडली."

"दुसरं, काडीला वरच्या बाजूला पोट आलंय."

"वरच्या बाजूला म्हणजे सातवा महिना." कधी कधी माझी जीभ भीतीनंच चालते.

"आजी! दाबलंस? आता अर्धी खाल्लेली भाकरी. मग अख्खी बांगडी."

बांगड्या दोन होत्या. एक वर आकड्यांच्या रांगेत आणि एक अक्षरांत. मी आकड्यांतली दाबली. तो शून्य आहे म्हणाली, पुसायला लावलं. पुसताना जास्तच पुसलं गेलं, परत पोट, परत भाकरी. हाताला घाम सुटला होता आणि बटणं ओली होत होती. पुढं दोन काड्यांमध्ये तिरकी काडी, मग दोनच दात राहिलेली फणी, परत उभी काडी, आणि शेवटी अर्ध्या भाकरीला आत जीभ.

"आता उजव्या हाताला मोठं बटण आहे, वाकडा बाण काढलेलं. ते दाब."

दाबलं, आणि पाटी भरभर अक्षरांनी भरून गेली. मी मागं सरकले. वाटलं, काहीतरी मोडलं.

"काय दिसतंय?"

"माझं नशीब. सगळं इंग्रजी."

"तुला इंग्रजी आकडे येतात ना? ताग्यावरचे वाचतेस की. आकड्यांच्या तीन ओळी एकाखाली एक असतील. त्यातली सगळ्यात खालची वाच. टिंब आलं की टिंब म्हण."

कापडाच्या ताग्यावर मीटरचे आकडे इंग्रजीतच लिहितात, आणि एक आकडा चुकीचा वाचला म्हणून सासऱ्यानं एकदा मला दिवसभर शेडमध्ये उभं केलं होतं. तेव्हापासून आकडा मी बोट ठेवून वाचते. काचेवर बोट ठेवलं.

"एक, नऊ, दोन, टिंब. एक, सहा, आठ, टिंब. शून्य, टिंब, एक."

"शून्य? परत बघ. एक टिंब एक आहे का शून्य टिंब एक?"

"शून्य टिंब एक. डोळे गेलेत का माझे?"

तिच्या मागं कुणीतरी बाई कुणाचं तरी नाव पुकारत होती. तिचं नव्हतं.

"हे कसले आकडे आहेत?" मी विचारलं.

"घरातनं बाहेर पडायचा रस्ता असतो ना आजी, त्याचा पत्ता. कॉम्प्युटरला बाहेरचं काहीही हवं असलं की आधी ह्या दाराशी जायचं. ते दार म्हणजे राउटर. कॉम्प्युटर कुठल्या दाराशी उभा आहे ते त्या ओळीत लिहिलेलं असतं."

"दार म्हणजे भिंतीवरचा आपला खोका."



आमचा खोका वरांड्याच्या भिंतीवर, घड्याळाखाली टांगलेला. दोन शिंगांचा, हिरवे दिवे लागणारा. रोज सकाळी मी त्याच्यावरनं फडकं फिरवत असे. कालपासून टीव्हीवरची माझी मालिका एका ठिकाणी गोल गोल फिरत बसली होती, तेव्हाही मी उठून त्याला पुसून आले होते. मी फोन घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"दिवे तर लागलेत की सगळे. थांब, खालती कागद चिकटवलाय. त्याच्यावर आकडे असतील ना?"

"आजी, राहू दे."

"राहू दे काय?" मी खोका खिळ्यावरनं काढून उलटा केला. कागदावर कुंकू. दसऱ्याला आम्ही मागांची पूजा करतो, धोट्याला, फणीला हळदकुंकू लावतो. गेल्या दसऱ्याला मी ह्यालाही लावलं होतं, पोरीचं शिकणं ह्याच्यावर म्हणून. पुढनं लावलं तर दिवे झाकतील म्हणून खालनं लावलेलं. पदराला थुंकी लावून घासलं, तेव्हा आकडे वर आले.

"एक नऊ दोन, एक सहा आठ, एक, एक." वाचलं आणि परत बोट ठेवून बघितलं. तिकडं शून्य, इकडं एक.

"केतके, हे जुळत नाही."

"नाही जुळत."

"म्हणजे आपला कॉम्प्युटर आपल्या दाराशी उभा नाही."

"आपला खोका बंद पडून दीड वर्ष झालं, आजी. कंपनीचा माणूस आलाच नाही दुरुस्तीला."

"मग दिवे कशाला लागतात?"

"दिवे लागतात. त्याच्यापुढं काही जात नाही."

"आणि दीड वर्ष तू घरात बसून अभ्यास कुठनं केलास? माझी मालिका कुठनं आली?"



"शेवंताआजीच्या दारातनं," ती म्हणाली.

शेवंता माझी धाकटी जाऊ. भिंतीपलीकडं राहते. पलीकडं म्हणजे एकाच घराची ती दुसरी बाजू. भाऊ वेगळे झाले तेव्हा मधे भिंत पडली. रस्त्याकडचं दार एकच होतं, सगळी त्याच दारानं येत जात होती, आणि ते माझ्या वाटणीला आलं. वाटणी पंचांनी केली, मी नाही. पण दार माझं झाल्यावर शेवंताचं येणंजाणं माझ्या स्वयंपाकघरावरनं कशाला? मी गवंडी बोलावला आणि आतलं, दोन्ही बाजूंना जोडणारं दार बुजवून घेतलं. तिला मागच्या गल्लीकडं भिंत फोडून नवं दार पाडावं लागलं. गवंडी शेवटच्या विटा बसवत होता तेव्हा ती पलीकडनं मला म्हणाली होती, "आक्का, तहान लागली तर हाक मारा, मी काही पाणी नाही म्हणायची नाही." आणि मी ह्या तोंडानं बोलले होते, "तुझ्या घरचं पाणी प्याले तर चौंडेश्वरीची आण." त्यानंतर आमचं बोलणं बंद. बंद म्हणजे सरळ बोलणं बंद. ती कावळ्याशी बोलायची, मी मांजरीशी.

"तिला फोन लाव की मग," मी म्हटलं.

"लावला. चार वेळा लावला. उचलत नाही. राउटर तर चालू दिसतोय, नाहीतर तो आकडाच आला नसता. पण बाहेरचं काही येत नाही. आजी, काल काही झालं का?"

"काय व्हायचंय?"

"आजी."

काल संध्याकाळी मी गच्चीवर वाळवण गोळा करत होते. ही पलीकडच्या गच्चीवर. कावळ्याला म्हणाली, "पोर गेली का रं पुण्याला? देवी यश देऊ दे." आणि मी मांजरीला म्हटलं, "मने, सांग तिला, आमचं सगळं आमच्या आम्ही बघतो. आमचं काही कुणावाचून अडत नाही."

"मी मांजरीला बोलले," मी केतकीला म्हटलं.

"काय बोललीस?"

मी सांगितलं. मग ती हळू बोलायला लागली, आणि ते हळू बोलणं मला तिच्या रडण्यापेक्षा जास्त लागलं.

"राहू दे. तू नको जाऊस. तुझा मान मोडायला मी सांगणार नाही. मी आत जाऊन तोंडी सांगते, काठ असा होता, पदर तसा होता. नाही झालं तर… रबकवी काही लांब नाही."

"फोन बंद करू नकोस," मी म्हटलं. "फोन चालू ठेव आणि तोंड बंद ठेव."

आधी मी भिंतीवर बत्ता आपटला. दोनदा, तीनदा. पलीकडं चाहूल नाही. मग चपला घातल्या.

पूर्वी स्वयंपाकघरातनं तिच्या चुलीपर्यंत हात लांब केला की पोचायचा. आता आमच्या दारातनं निघायचं, रस्त्यानं पिठाच्या गिरणीपर्यंत जायचं, गिरणीला वळसा घालून मागच्या गल्लीत शिरायचं आणि सगळ्या घरांच्या पाठी बघत परत आपल्याच घराच्या पाठीशी यायचं. हा वळसा मीच तिला लावून दिला होता, पण स्वतः कधी चालले नव्हते. ऊन तापलं होतं. गुडघे कुरकुरत होते. गिरणीच्या दारातनं बायका बघत होत्या.

"हौसाक्का, इकडं कुणीकडं आज?"

"ह्या गल्लीला तुझं नाव दिलंय का?" मी म्हटलं आणि पुढं गेले. फोन मुठीत. मुठीतनं बारीक आवाज येत होता, "आजी? आजी, आहेस ना?"

शेवंताचं दार उघडं होतं. ती उंबऱ्याच्या आत, पाटावर बसून वाती वळत होती. मला बघितलं, आणि हातातली वात पुरी केली. मग दुसरा कापूस घेतला.

"दार उघडंच हाय," ती म्हणाली. कावळ्याला नाही, मला.

"मी आत येणार नाही."

"मग उन्हात उभ्या ऱ्हावा. ऊन काय माझ्या वाटणीचं न्हाई."

"तुझा फोन का उचलत नाहीस?"

"चार्जिंगला लावलाय आतल्या खोलीत. इथवर ऐकू येत न्हाई. बत्ता वाजला तेवढा कळला. म्हटलं, मसाला कुटत असतील."

"तुझा खोका बिघडलाय."

"बिघडला न्हाई. मी त्याची बारकी वायर उपसून ठेवलीय कालपासनं. माझा खोका, माझं घर. तुमचं कुठं काय अडलंय? तुमचं कुणावाचून अडत न्हाई. मला मांजरीनं सांगितलंय."

एरवी ह्याला मी दहा उत्तरं दिली असती. जिभेवर आली होती. मुठीतल्या फोनमधनं त्या पुण्याच्या बाईचा आवाज आला, कुणाला तरी आत बोलावत होती. त्यानंतर केतकीचा. "अजून माझा नंबर नाही, आजी. पण आता एकच मुलगी राहिलीय माझ्याआधी."

शेवंताच्या हातातली वात थांबली. "केतकी हाय त्यात?"

"आहे. पुण्यात बसलीय. नक्षी सगळी घरच्या कॉम्प्युटरात. ती तिथनं उघडते म्हणते, पण बाहेर पडायचं दार तुझ्याकडं आहे."

"आन् हे मला आत्ता सांगताय?"

"मला तरी कुठं ठाऊक होतं!"

शेवंता उठली नाही. मला वाटलं होतं, पोरीचं नाव ऐकून उठेल. ती बसल्या जागेवरनं माझ्याकडं बघत राहिली.

"म्हणजे पोरीचं अडलंय," ती म्हणाली.

"हो."

"तुमचं न्हाई."

देवीशप्पथ सांगते, त्या उन्हात मी उभी होते आणि पायाखालची फरशी चटके देत होती, तरी ते तीन शब्द तोंडातनं निघेनात. त्या बाईला ते हवे होते. मलाही कळत होतं की तिला ते का हवे होते.

"माझं अडलंय, शेवंते," मी म्हटलं.

ती ताडकन उठली. वातींचं ताट कलंडलं तरी बघितलं नाही. "अवो मग आत या की! मला वाटलं पोर गेली पुण्याला, आता घरात ही एकटीच, तर हिची मालिका बंद पाडू दोन दिवस. पोरीचं नुकसान करंन व्हय मी?"

मी उंबरा ओलांडला.

आतल्या खोलीत अंधार होता, देवीपुढं विजेचा बारका नंदादीप जळत होता आणि त्याच्याच शेजारी तो खोका. काळा, एका शिंगाचा. त्याच्यावर एक दिवा तांबडा. दोघांनाही वीज एकाच बटणातनं होती. बटण बंद केलं असतं तर देवीचा दिवा विझला असता, म्हणून हिनं नुसती वायर उपसून ठेवली होती.

"कुठल्या भोकातनं काढलीस?"

"ते आता काय ध्यानात हाय?"

मागं सगळी एकासारखी एक भोकं. शेवंतानं वायर एकात खुपसली. तांबडा तसाच. दुसऱ्यात. तांबडा.

"आजी, वेगळ्या रंगाचं भोक असेल बघ," फोनमधनं केतकी म्हणाली. "बाकीची पिवळी, एक निळं. निळ्यात घाला. खट्ट वाजलं पाहिजे."

मी पदरानं पाठ पुसली. एक निळं होतं. शेवंतानं वायर लावली, मी अंगठ्यानं रेटली. खट्ट वाजलं.

तांबडा तांबडाच.

"गेला नाही गं तांबडा!"

"थांबा, त्याला वेळ लागतो. हात लावू नका आता. दोघीही हात लावू नका."

आम्ही दोघी हात पोटाशी धरून उभ्या राहिलो. देवीपुढं असतो तशाच. फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कुणाच्या तरी चपला वाजल्या. केतकी कुजबुजली, "ती मुलगी बाहेर आली." माझ्या छातीत धोटा इकडनं तिकडं मारल्यासारखं होत होतं. शेवंता ओठ हलवत होती, मी पण. कुणी काय मागितलं ते देवीलाच माहीत.

उभी राहून दमले तशी मी भिंतीशी टेकून खाली बसले. शेवंतानं सवयीनं, घरात कुणीही आलं की करतात तसं, तांब्याभांडं आणून माझ्यापुढं ठेवलं. ठेवलं आणि तिचा हात तिथंच राहिला.

पाण्याकडं दोघी बघत होतो. घसा माझा वाळून लाकूड झालेला.

"आण हाय न्हवं तुमाला," ती म्हणाली.

"आहे."

"पाण्याची."

"पाण्याचीच."

तिनं तांब्या उचलला. देवीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "च्याची न्हवती," म्हणाली आणि चुलीकडं गेली.

ती पाठमोरी झाली तेवढ्यात दिवा लुकलुकला. तांबडा गेला. काहीच नाही, नुसता अंधार. आणि मग हिरवा.

"शेवंते!"

"आलं! आजी, उघडलं, उघडलं सगळं!" केतकी ओरडली, मग ओरडल्याबद्दल कुणाची तरी माफी मागितली. बटणं बडवल्याचा आवाज. एक बाई म्हणाली, "सातपुते केतकी?" आणि फोन बंद झाला.

चहा आला. शेवंतानं बशीत ओतून फुंकर घालून दिला, जशी सासूला द्यायची. आम्ही दोघी बसून प्यालो. आता माझं खोलीकडं लक्ष गेलं. विजेचं बटण समोरच्या भिंतीवर होतं, आणि तिथनं लांबलचक वायर सगळ्या खोलीला वळसा घालून इकडं आणलेली, वाटेत खिळे मारून मारून. देव्हाराही पूर्वी इथं नव्हता. तो कोपऱ्यात असायचा, सासूनं मांडलेला. आमच्यात देवीची जागा कुणी हलवत नाही.

"देवी सरकवलीस?"

"ह्या कोनाड्यात आणली. काय म्हणाली न्हाई ती."

"कोनाडा कधी केलास?"

"मी कुठला करतोय. चौकट हाय ती."

मी बघितलं. कोनाडा नव्हताच. बुजवलेलं दार होतं. माझ्या बाजूनं गवंड्यानं गिलावा करून भिंत सारखी केली होती, रंग दिला होता, वर मी कॅलेंडर टांगलं होतं. तिच्या बाजूला चौकट तशीच राहिली होती, मधे एका विटेचा पडदा. त्या चौकटीत देवी आणि खोका.

"इथं भिंत पातळ हाय," शेवंता म्हणाली. "इथं ठेवला की पलीकडं चांगलं पोचतं, असं पोर म्हणाली. म्हणून आणला इकडं."

"तुझा तो चित्रांचा मोठा फोन कुठाय? बाळूनं दिलेला, रोज तोंड बघायला?"

"हौदात पडला. गेल्या पावसाळ्यात." बाळू तिचा मुलगा, बेळगावला असतो. "आता ह्यो बारका हाय तुमच्यासारखा."

"मग हा खोका कशाला चालू ठेवलायस? तुला काय उपयोग त्याचा?"

तिनं माझ्या हातातली बशी काढून घेतली. "आणि घोटभर घालू का?" म्हणाली.

"घाल," मी म्हटलं.

संध्याकाळी दिलीपचा फोन आला. बोलत होता, हसत होता, मधेच रडत होता. पदरावरच्या मोरांची नक्षी त्यांना इतकी आवडली की तिथल्या मोठ्या बाईंनी ती कुणाकडनं शिकलीस म्हणून विचारलं. रबकवीला त्यानं स्वतःच नकार कळवला. त्या मुलाचं पुढं लग्न झालं, आता जेवताना तो बायकोकडं बघून घास घेतो म्हणतात. केतकी आज चाळीस जणांची मुख्य आहे, पण तिचा फोन अजून मलाच आधी येतो.

त्या वर्षी दसऱ्याला दिलीपनं मागांना हार घातले. मी धोट्याला, फणीला हळदकुंकू लावलं. मग वरांड्यातला दोन शिंगांचा खोका खिळ्यावरनं काढला आणि अडगळीत टाकला. ताट हातात घेतलं, चपला घातल्या आणि गिरणीला वळसा घालून मागच्या गल्लीला गेले. गिरणीतल्या बायकांनी ह्या वेळी काही विचारलं नाही.

शेवंता खोका उलटा करून धरून उभी राहिली. मी करंगळी कुंकवात बुडवली.

"आक्का, कागदावर नगा लावू," ती म्हणाली. "परत कधी अडलं तर आकडे वाचाय लागतील."

"वाचायला कशाला लागतील?" मी म्हटलं, आणि बरोब्बर कागदाच्या मधोमध बोट टेकलं. "एक नऊ दोन, एक सहा आठ, शून्य, एक. सरळ धर की गं. सांडतंय सगळं."